बर्फावर घसरायला कझाकस्तान?

हैदराबादच्या हवेला बर्फाशी काही देणेघेणे नाही. बेगमपेठच्या नोंदींत २ जून १९६६ रोजी ४५.५ अंश आणि ८ जानेवारी १९४६ रोजी ६.१ अंश अशी दोन टोके सापडतात. म्हणजे आमच्या शहराचा कडाक्यातला कडाका युरोपातल्या वसंत ऋतूइतकाच. अंबरपेठेत राहणाऱ्या माणसाला बर्फ भेटतो तो उसाच्या रसात, आणि फार तर इंदिरा पार्कनजीक २००४ साली सुरू झालेल्या ‘स्नो वर्ल्ड’च्या त्या बंद शीतगृहात, जिथे भाड्याचा कोट आणि भाड्याचे बूट चढवून घटकाभर कुडकुडता येते. असे असूनही गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत आमच्या ओळखीच्या अनेक घरांतून एकच पृच्छा ऐकू येऊ लागली आहे: कझाकस्तानात म्हणे बर्फावर घसरण्याचा खेळ स्वस्तात शिकता येतो, जाण्याजोगा आहे का तो देश?

या पृच्छेमागे कारणे आहेत. पूर्वी बर्फ म्हणजे स्वित्झर्लंड असे समीकरण होते, आणि ते चित्रपटांनी पक्के केले होते. परंतु तिकडचा व्हिसा, तिकडचे दर आणि व्हिसाच्या मुलाखतीसाठीची प्रतीक्षा ही त्रयी मध्यमवर्गीय संसाराला झेपणारी नव्हे. उलट कझाकस्तानने जुलै २०२२ पासून भारतीय पारपत्रधारकांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येण्याची मुभा दिली. त्यातच आपल्याकडील शेकडो मुलेमुली वैद्यकीय शिक्षणासाठी अलमाटीस जातात. त्यांनी घरी पाठविलेल्या छायाचित्रांत वसतिगृहाच्या मागे पांढरे डोंगर उभे असतात. ते पाहून ‘एकदा जाऊन यावे’ असे आईबापांच्या मनात येणारच. गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयतां, महाविद्यालयात शिकणारी कन्या आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई असे चौघे तिकडे आठ दिवस राहून आलो. त्या आधारावर, आणि त्याआधी महिनाभर जी चौकशी केली तिच्या आधारावर, हे लिहीत आहोत.

प्रथम आपल्याच देशाचा विचार करणे न्यायाचे होईल. गुलमर्गला १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी स्कीइंगचा क्लब काढला. तेव्हापासून तो या खेळाचे भारतातील माहेरघर आहे. गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर, आणि तेथून दोन टप्प्यांत जाणारी केबल-कार अफरवात डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेते. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची तेथे प्रशिक्षण संस्थाही आहे आणि तिचे अभ्यासवर्ग इतके माफक शुल्काचे आहेत की जगात कोठे याहून स्वस्त शिक्षण मिळत असेल असे वाटत नाही. गढवालातील औली हे दुसरे ठिकाण. तेथील उतार गुलमर्गहून सौम्य, शिकाऊ माणसाला अधिक सोयीचे. मग परदेशी जायचे कशाला?

त्याचे उत्तर बर्फच देतो. २०२४ च्या जानेवारीत ऐन हंगामात गुलमर्गची कुरणे महिनाभर तपकिरी राहिली. बर्फ पडला तो महिनाअखेरीस. पुढल्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हायच्या ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये उरकाव्या लागल्या. औलीची कथा आणखी दुःखद. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठाची जमीन खचली, घरांना भेगा पडल्या, आणि जोशीमठाहून वर जाणारा चार किलोमीटरचा तो प्रसिद्ध रोपवे बंद करावा लागला. काश्मीरविषयी आणखी एक गोष्ट बोलायला नको वाटते, पण बोलली पाहिजे: एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हत्याकांडानंतर वृद्ध आईस बरोबर घेऊन तिकडे जाण्यास अनेक घरांचे मन धजत नाही. आम्हांला व्यक्तिशः ही भीती कायमची असावी असे वाटत नाही. गुलमर्गच्या लोकांचे पोट या हंगामावर आहे. तथापि आठ दिवसांची रजा, वर्षानुवर्षांची शिल्लक आणि बर्फ पडेल की नाही हा जुगार, यांचा मेळ घालणे कठीण, एवढे खरे.

आता त्या देशाविषयी. कझाकस्तानचे क्षेत्रफळ सुमारे सव्वासत्तावीस लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाहून थोडेसेच कमी; आणि लोकसंख्या अवघी दोन कोटी. तेलंगणची वस्ती तेवढ्या अफाट भूमीवर पसरली, आणि तीही पुरती नव्हे, असे समजावे. १९९१ च्या डिसेंबरात तो सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला. अलमाटी ही १९९७ पर्यंत त्याची राजधानी होती. डॉक्टरी पेशातील जुन्या वाचकांना हे गाव ‘आल्मा आता’ या नावाने आठवेल. १९७८ साली प्राथमिक आरोग्यसेवेची जगप्रसिद्ध परिषद तेथेच भरली होती आणि ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा त्या जाहीरनाम्याने घरोघर नेली. ‘आल्मा’ म्हणजे सफरचंद. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या सफरचंदाचे रानटी पूर्वज याच परिसरातील डोंगरउतारांवर वाढतात.

आपण हैदराबादकरांनी तर मध्य आशियाला अगदीच परके मानू नये. निजामांच्या घराण्याचे मूळ पुरुष ख्वाजा आबिद ऊर्फ किलिच खान हे शेजारच्या उझबेक मुलखातील, समरकंदजवळचे. १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात ते कामी आले. तेव्हा तिकडून इकडे यायला घोड्यावर कित्येक महिने लागत. आज दिल्लीहून सरळ विमान मिळाले तर साडेतीन-चार तासांत अलमाटी. मात्र ‘मिळाले तर’ हे शब्द अधोरेखित करावेत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले तेव्हा इंडिगोला दिल्लीहून अलमाटी आणि ताश्कंदकडे जाणारी आपली उड्डाणे थांबवावी लागली, कारण लांबच्या वळशाने जाण्याइतका पल्ला त्या विमानांचा नव्हता. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी विमान कोणत्या देशाचे आणि कोणत्या वाटेने जाणारे, हे पाहूनच पैसे भरावेत. घड्याळाचा मात्र काहीच त्रास नाही. १ मार्च २०२४ पासून साऱ्या कझाकस्तानची वेळ एकच झाली असून ती आपल्याहून फक्त अर्धा तास मागे आहे. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ बदलावी लागली नाही, हा लाभ थोडा नव्हे.

अलमाटी शहर डोंगराच्या पायथ्याशी उतरते वसले आहे. दक्षिणेकडे तोंड केले की त्यान-शानची रांग समोर उभी. रस्ता चुकलेल्या माणसाने डोंगराकडे पाहावे आणि दिशा ठरवावी, अशी सोय. परंतु पहिल्या दिवशी आम्हांला डोंगर दिसलाच नाही. हिवाळ्यात कोळशाच्या वीजकेंद्राचा, घरगुती चुलाण्यांचा आणि मोटारींचा धूर त्या खोलगट जागेत साचून राहतो, आणि वाऱ्याविना तो दिवसेंदिवस हलत नाही. दम्याच्या माणसाने ही गोष्ट जाहिरातींच्या चित्रांवर विसंबून दृष्टिआड करू नये. दुसऱ्या दिवशी बसने वर निघालो आणि अर्ध्या तासात धुराचा तो करडा पडदा पायाखाली राहिला. वर ऊन असे लखलखीत की डोळे मिटावे लागले.

वाटेत मेदेऊ लागते. १,६९१ मीटर उंचीवर बांधलेले बर्फाचे हे विस्तीर्ण मैदान १९७२ साली आजच्या रूपात उभे राहिले आणि चक्रीस्केटिंगच्या नव्हे, धारदार पात्यांच्या शर्यतींचे कित्येक जागतिक उच्चांक तेथे नोंदले गेले. त्याच्या वर एक प्रचंड बांध आहे. हा बांध पाण्यासाठी नव्हे, चिखलासाठी. उन्हाळ्यात वरच्या हिमनद्यांची तळी फुटून दगडमातीचा लोंढा खाली शहरावर येतो. १९२१ मध्ये तसा तो आला होता आणि माणसे मेली होती. म्हणून १९६६ मध्ये डोंगराचा कडाच सुरुंगांनी उडवून दरीत पाडण्यात आला आणि बांधाला आरंभ झाला. १५ जुलै १९७३ रोजी लोंढा आला तेव्हा त्याने तो अडवला. आता त्या बांधावर ८४२ पायऱ्या चढून जाण्याची स्थानिक लोकांत प्रथा आहे. सासूबाईंनी चाळीस मोजल्या, एका बाकावर बसल्या आणि उरलेल्या आम्हांस वाटून दिल्या. मूसीच्या १९०८ च्या पुराच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्या त्या. बांधाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

मेदेऊहून साडेचार किलोमीटर लांबीची केबल-कार शिंबुलाकला नेते. २०११ च्या आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने ती बांधली गेली. शिंबुलाकचा तळ सुमारे २,२६० मीटरवर, आणि तेथून पुढे टप्प्याटप्प्याने पाळणे चढत सुमारे ३,२०० मीटरच्या तलगार खिंडीपर्यंत पोचतात. स्की न करणाऱ्यालाही तिकीट काढून वर जाता येते, बसायला उबदार जागा आहेत, चहा मिळतो. चौघांपैकी दोघांनाच खेळायचे असले तर बाकीच्या दोघांचा दिवस वाया जात नाही, ही या ठिकाणाची सर्वांत मोठी सोय असे आमचे मत झाले. सासूबाई तळाच्या उंचीवर सुखाने रमल्या; खिंडीपर्यंत मात्र त्यांना आम्ही नेले नाही. तीन हजारांवर हवा विरळ होते, आणि अर्ध्या तासात शहरातून तेवढे वर चढणे हृदयविकाराच्या वा रक्तदाबाच्या माणसाने वैद्यास विचारूनच करावे.

आता मूळ खेळाकडे येऊ. ‘स्की’ हा शब्द नॉर्वेकडचा, मूळ अर्थ फाडलेले लाकूड. पण लाकडाच्या फळ्या पायांस बांधून बर्फावरून जाण्याची युक्ती एकट्या नॉर्वेची नव्हे. कझाकस्तानच्या पूर्व टोकास भिडणाऱ्या अल्ताई पर्वतात शिकारी लोक फळीखाली घोड्याचे केसाळ कातडे लावून चढत व उतरत आले आहेत. केस एका दिशेने झुकलेले असल्याने उतरताना फळी घसरते आणि चढताना अडते. आजच्या फळ्या अर्थातच कारखान्यातून येतात, बूट प्लास्टिकचे आणि असे घट्ट की पहिल्या दहा मिनिटांत पायांत बेड्या पडल्याचा भास व्हावा. ते तसेच असायला हवेत. बूट सैल असला तर माणूस वळतो आणि फळी वळत नाही.

फळी आणि बूट यांना जोडणारा जो खटका असतो त्याला बाइंडिंग म्हणतात, आणि आमच्या मते नवशिक्याने साऱ्या सामग्रीत लक्ष द्यावे ते त्याच्याकडे. पडताना फळी पायापासून वेळीच सुटली नाही तर ती गुडघा पिळवटून काढते; या खेळातील दुखापतींपैकी सुमारे एकतृतीयांश गुडघ्याच्याच असतात. खटका किती जोराला सुटावा हे माणसाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि त्याचे कौशल्य यांवरून ठरवितात. म्हणून वजन विचारले तर खरे सांगावे, दोनचार किलो लपवू नयेत. एका भाड्याच्या दुकानात आमच्या कन्येला काहीही न विचारता तयार फळ्या हातात देण्यात आल्या. शिक्षकाने त्या पाहिल्या, मान हलविली आणि परत पाठवून खटका नव्याने लावून घ्यायला लावला. तो सैबेरियातून आलेला पन्नाशीचा गृहस्थ; इंग्रजी त्याला शंभर शब्दांपलीकडे येत नव्हते, आणि त्याचे शंभर शब्द पुरेसे होते.

पहिला दिवस सपाटीवर जातो. एक पाय फळीवर, एक मोकळा, असे चालायचे. मग पडायचे कसे ते शिकायचे: कुशीवर, डोंगराच्या अंगाला, हात मुठीत. मग उठायचे कसे, आणि ते पडण्याहून अवघड. त्यानंतर एका सरकत्या पट्ट्यावर उभे राहून हलक्या चढावर जायचे आणि फळ्यांची पुढची टोके जवळ, मागची दूर, अशा नांगराच्या फाळाच्या आकारात घसरत यायचे. मागची टोके जितकी फाकवावी तितका वेग कमी. यात कोणतेही गूढ नाही, परंतु भीती वाटली की शरीर मागे झुकते, आणि मागे झुकले की फळ्या पुढे पळतात. म्हणजे भीतीनेच वेग वाढतो. शिक्षक दर वेळी आमच्या छातीवर बोट टेकवून खालच्या दरीकडे दाखवी: तिकडे झुका. पन्नाशीतल्या माणसाच्या मनाला हे पटविण्यात दोन दिवस गेले. कन्येला एक तास लागला.

उतारांना रंग दिलेले असतात: हिरवा नवशिक्यांचा, मग निळा, मग लाल, आणि काळा जाणत्यांचा. चौथ्या दिवशी कन्या शिक्षकाबरोबर निळ्या उतारावरून खाली आली. आमची हिरव्यापलीकडे मजल गेली नाही. स्पष्ट सांगायचे तर शिंबुलाकचे उतार एकंदरीने उभे आहेत; अगदी सौम्य अशी जागा तळाशी थोडीच, आणि शनिवार-रविवारी तेथे सारे शहर लोटते. युरोपातील मोठ्या स्थानांसारखे शेकडो किलोमीटरचे मार्ग येथे नाहीत. निपुण माणूस तीन दिवसांत सारे पाहून संपवील. परंतु आमच्या गल्लीतून निपुण माणूस जाणारच किती? चार-पाच दिवसांत थांबणे, वळणे आणि न घाबरणे एवढे शिकू पाहणाऱ्यास ते पुरून उरते.

खाण्याची चिंता सर्वांनाच असते म्हणून थोडे त्याविषयी. कझाक लोक घोड्याचे मांस आवडीने खातात, पाहुण्याला मानाने वाढतात, आणि ‘बेशबरमाक’ हे त्यांचे राष्ट्रीय पक्वान्न मांसाशिवाय होत नाही. शाकाहारी माणसाने ‘मांस नको’ एवढे म्हणून भागत नाही. रस्सा मांसाचाच असतो. तथापि तंदुरी पाव ताजा आणि उत्तम, दही-चक्क्याचे प्रकार विपुल, ‘आयरान’ म्हणजे आपले ताकच, भोपळ्याचे सारण घातलेले समोसे शोधल्यास मिळतात, आणि चहा? चहात ते दूध घालतात! सासूबाईंच्या मनात त्या राष्ट्राविषयी आदर निर्माण झाला तो या क्षणी. शहरात भारतीय उपाहारगृहेही आहेत. आम्ही मेतकूट, भाजणी आणि चिवडा नेला होता. खोलीत चूल असलेली जागा घेतल्याने सकाळचे थालीपीठ चुकले नाही.

खर्चाचा आकडा विचारला जातो, तो देतो: चौघांचा, विमानासह, आठ दिवसांचा सुमारे चार लाख रुपये. रुपयाला साधारण सहा टेंगे पडतात. शहरातील राहणे, बस, जेवण हे आपल्याकडच्या मानाने महाग नाही. पैसा जातो तो विमानाला, आणि त्याखालोखाल डोंगरावरील तिकीट, भाड्याच्या फळ्या व शिक्षक यांना. तेवढ्यात गुलमर्गचे दोन प्रवास व्हावेत. शिक्षकाचे पैसे मात्र वाचवू नयेत. आणि प्रवासाचा विमा काढताना त्यात स्कीइंगचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही हे वाचावे. साधारण विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात, आणि परदेशात मोडलेला पाय हा वर्षभराच्या शिलकीहून महाग पडू शकतो. डोळ्यांना काळा चष्मा आणि चेहऱ्याला मलम ही चैन नव्हे. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, तेव्हा ऊन खालूनही लागते.

सुरक्षिततेचे विचाराल तर जानेवारी २०२२ मध्ये अलमाटीत मोठी दंगल उसळली होती, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. आम्हांला शहर शांत आढळले. रात्री बायका-मुली एकट्या बसने जाताना दिसल्या. भाषेची अडचण खरी आहे: पाट्या कझाक आणि रशियन, इंग्रजी तुरळक. दूरध्वनीतील भाषांतराची सोय कामास येते, आणि वैद्यकीय महाविद्यालयातील आपलीच मुले त्याहून अधिक. एका संध्याकाळी निजामाबादकडची दोन मुले आमच्या खोलीवर पिठलेभात खाऊन गेली. जाताना त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि चिवड्याचा डबा कोणी नेला ते आम्ही विचारले नाही.

तेव्हा जावे की न जावे? ज्याला नुसता बर्फ पाहायचा, हातात घ्यायचा, मुलांना त्यात लोळू द्यायचे आहे, त्याने कझाकस्तानपर्यंत जाऊ नये. सोलंग, गुलमर्ग, नाही तर सिक्कीम पुष्कळ झाले, आणि पैसा आपल्याच डोंगरातल्या माणसांच्या हाती पडेल. ज्याला खेळ शिकायचा आहे, वय विशीतले आहे आणि सोबतीला कोणी नाही, त्याने गुलमर्गच्या सरकारी अभ्यासवर्गाचा अर्ज आधी भरावा. बर्फ पडला तर तेथले शिक्षण कोठेही कमी नाही. परंतु घरात एक शिकणारा, दोन पाहणारे आणि एक वयस्क असे मिश्रण असेल, रजा ठरलेल्या आठवड्याचीच मिळत असेल, आणि बर्फाची खात्री हवी असेल, तर अलमाटी हा आज हैदराबादकरास जमण्याजोगा उत्तम पर्याय आहे असे आमचे स्वच्छ मत आहे. दमेकऱ्याने जाऊ नये. कडक सोवळ्याच्या माणसाने आपली शिदोरी मोजून न्यावी.

जाणाऱ्याने जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरावा. नववर्षाच्या सुट्या, ८ मार्चचा महिला दिन आणि २१ ते २३ मार्चचा नौरोज टाळावा, कारण तेव्हा पाळण्यासाठी रांगेतच दुपार होते. स्कीचे दिवस सोमवार ते शुक्रवार ठेवून शनिवार-रविवार शहरासाठी राखावा: १९११ च्या भूकंपात उभे राहिलेले लाकडी देवालय आहे, आणि हिरवा बाजार आहे, जिथे सफरचंदांचे ढीग पाहून सासूबाईंनी आपल्या मोंढ्याची आठवण काढली आणि हातवारे करून दरही कमी करून घेतला. लोकरी मोजे, हातमोजे आणि आतले उबदार कपडे येथूनच न्यावेत. जाड कोट, बूट आणि शिरस्त्राण तिकडे भाड्याने मिळतात.